मोडीला क्रमांक मिळाला, वाचक कधी मिळणार?

कोल्हापुरात जुन्या घराची वाटणी निघाली की माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली येते आणि तळाशी सापडते मोडी कागदांचे गाठोडे. आमच्याही घरी असे एक आहे. पणजोबांनी जमीन घेतली की गहाण टाकली, हे आम्हांला त्यातून कळत नाही. तीन पिढ्यांत घरचेच अक्षर परके झाले!

मोडी ही झरझर लिहायची लिपी. आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफायची. ऱ्हस्व-दीर्घाचा काच नाही. कारकुनाला ती सोयीची. छापखान्याला मात्र देवनागरी बरी पडली. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळेतूनही गेली.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. पूर्वी मोडीचे फाँट दुसऱ्याच लिपीच्या आकड्यांवर मोडीचे रूप चढवीत. फाँट बदलला की मजकुराचे कडबोळे! जून २०१४ मध्ये 'युनिकोड' या जागतिक व्यवस्थेच्या सातव्या आवृत्तीत मोडीची ७९ चिन्हे दाखल झाली. देवनागरी 'क'चा क्रमांक २३२५, मोडी 'क'चा ७११८२. आता हा 'क' कोणत्याही यंत्रावर 'क'च राहतो.

पुढच्याच वर्षी तुर्कस्तानातील प्राचीन लुवियन चित्रलिपीची ५८३ चिन्हे त्याच यादीत आली. ती लिपी सुमारे २७०० वर्षांपूर्वी लोपली. तिच्या वाचनाला बळकटी आली ती १९४६ साली कारातेपे येथे सापडलेल्या द्विभाषिक शिलालेखामुळे. तिथे शिळेची वाट पाहावी लागली. आपल्याकडे मोडी वाचणारी माणसे अजून आहेत.

हा केवळ हौसेचा मामला नव्हे. येथील पुराभिलेखागारात करवीर संस्थानचे मोडी कागद आहेत. २०२३ मध्ये राज्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचकांची गरज सर्वांनाच जाणवली. एका जुन्या ओळीवर एखाद्या मुलाचा दाखला अवलंबून असू शकतो.

क्रमांकाने अक्षर टिकते. अर्थ टिकतो तो वाचणाऱ्याने. तेव्हा वाचकहो, ट्रंक उघडलीत तर ते गाठोडे रद्दीत घालू नका. आणि घरातल्या एका तरी मुलाला मोडी शिकवा. सुट्टीचे काही दिवस त्यासाठी द्यायला काय हरकत आहे?