आपत्तिनिवारण, विद्यापीठ आणि गावची शाळा

वैनगंगा नदी शिवनी जिल्ह्यात उगम पावून बालाघाटकडून आपल्या जिल्ह्याच्या सीमेवर येते. शिवनी-बालाघाट भागात अतिवृष्टी होऊन संजय सरोवराचे दरवाजे उघडले गेले म्हणजे, आपल्याकडे पाऊस ओसरलेला असतानाही, गोंदिया व तिरोडा तालुक्यांतील काठच्या गावांत पाणी चढू शकते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेल्या महापुरात याची प्रचीती आली. अशा प्रसंगी मदतीस धावणाऱ्यांची वाण नसते. वाण असते ती शिकवून तयार केलेल्या व एका सूत्रात बांधलेल्या माणसांची. ही उणीव भरून काढण्यासाठी विद्यापीठे काय करतात, हे शिक्षकबंधुभगिनींनी समजून घेणे अगत्याचे आहे.

या कार्याचा मुख्य आधार राष्ट्रीय सेवा योजना हा होय. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन तिचा प्रारंभ झाला. विद्यापीठात एक समन्वयक, प्रत्येक महाविद्यालयात कार्यक्रमाधिकारी म्हणून एक प्राध्यापक आणि त्याच्या हाताखाली साधारणतः १०० स्वयंसेवकांचे पथक, अशी तिची रचना आहे. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवा करावी व दत्तक गावी सात दिवसांचे शिबिर करावे, असा नियम आहे. आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्न असल्याने येथील पथकेही त्याच साखळीत येतात.

केवळ संख्येने काम भागत नाही. राज्यपाल हे राज्यातील विद्यापीठांचे कुलपती असतात. त्यांच्या कार्यालयाच्या पुढाकाराने ‘आव्हान’ नावाचे आंतरविद्यापीठीय शिबिर भरविले जाते व तेथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान विद्यार्थ्यांना शिक्षण देतात. दोराच्या गाठी, बांबू व कांबळे यांची डोली, रिकाम्या पिंपांचा तराफा, प्रथमोपचार असे हे शिक्षण असते. तेथून परतलेला विद्यार्थी आपल्या महाविद्यालयातील इतरांना शिकवू शकतो.

संकट ओसरल्यावरही विद्यापीठाचे काम संपत नाही. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे अध्यापक व विद्यार्थी फाळणीनंतर कुरुक्षेत्राच्या निर्वासित छावणीत सेवेस गेले होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली, त्यानंतरही ही संस्था पुनर्वसनाच्या कामात उतरली. घरोघर जाऊन कोणाचे काय गेले व कोणास काय हवे हे विचारल्यावाचून मदत योग्य हाती पडत नाही. अशी पद्धतशीर विचारपूस करण्याचे शिक्षण विद्यार्थ्यांजवळ असते.

तथापि या साऱ्या रचनेत एक दुवा उणा राहतो, आणि तो आपल्या हाती आहे. तालुक्याहून आलेल्या स्वयंसेवकास गावातील कोणत्या घरात अंथरुणास खिळलेली वृद्धा आहे, कोठे गरोदर स्त्री आहे, ढिवर बांधवांचे डोंगे कोठे बांधलेले असतात, हे ठाऊक नसते. अनोळखी गावात तो कितीही उत्साही असला तरी वाट विचारण्यातच त्याचा वेळ जातो. ही माहिती शिक्षकास सहज मिळते. शिवाय शाळेची जागा उंच व इमारत पक्की असल्यास पूरग्रस्त तेथेच आश्रयास येतात.

म्हणून पावसाळ्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात :

१. ग्रामपंचायतीच्या साहाय्याने असहाय व्यक्तींची घरवार यादी करून तिची एक प्रत शाळेत व एक सरपंचांकडे ठेवावी.

२. जवळच्या महाविद्यालयाच्या कार्यक्रमाधिकाऱ्यांस भेटून, शिबिर आपल्या गावी घेण्याची व मुलांना प्रथमोपचार दाखविण्याची विनंती करावी.

३. शाळेतील दप्तर उंचावर ठेवावे. पिण्याचे पाणी व शौचालय यांची सोय तपासावी.

४. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. त्यांच्या कार्यालयाकडून येणारी पूरसूचना मुलांकरवी घरोघर कशी पोचवावी, याचा सराव घ्यावा. मुलांना पाण्याजवळ मात्र कदापि पाठवू नये.

पुराच्या रात्री नवी यादी करता येत नाही. ती आधीच तयार असली, तर महाविद्यालयातून आलेला तरुण थेट त्या वृद्धेच्या दारी पोचेल.