जोड इंजिनांची बोट सरळ कशी चालते?

शिरवळ परिसरातील नीरेवरच्या वीर धरणासारख्या विस्तीर्ण जलाशयात बोटीची दिशा केवळ सुकाणूवर नव्हे, तर पाण्याखाली फिरणाऱ्या पंख्यांवरही ठरते. मागून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारा पंखा बोटीला पुढे रेटतानाच तिचा मागचा भाग किंचित उजवीकडे सरकवतो. म्हणून दोन इंजिनांच्या बोटीत सहसा उजवा पंखा काट्यांच्या दिशेने व डावा विरुद्ध दिशेने फिरवतात, जेणेकरून दोन्ही आडवे रेटे परस्परांना छेद देतात. अशा रचनेत एक इंजिन पुढे व दुसरे मागे चालवल्यास हेच रेटे एकवटतात आणि बोट धक्क्याजवळ जवळपास जागच्या जागी वळते.

इंजिन आणि पंख्याचा दांडा एका रेषेत असणे तितकेच महत्त्वाचे असते. दोघांना जोडणाऱ्या चकत्यांमधील फट वर, खाली, डावीकडे व उजवीकडे फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पोलादी पट्ट्यांनी, मोजतात. 100 मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर या चार मापांतील फरक सुमारे 0.1 मिलिमीटरपेक्षा अधिक नसावा, अन्यथा थरथर वाढून बेअरिंग झिजतात. जमिनीवर टेकवलेल्या बोटीचा सांगाडा किंचित वाकत असल्याने अंतिम मोजणी बोट तरंगत असतानाच करावी.