शीशम, शिसव आणि छोट्या कारखान्याची पुरवठासाखळी

‘शिसवी पलंग’ ही मराठी घरात संपन्नतेची खूण मानली जाई. हे शिसव सह्याद्रीच्या आणि दक्षिणेच्या अरण्यांतले. शास्त्रीय नाव डाल्बर्जिया लॅटिफोलिया. उत्तर भारतातील शीशम हा डाल्बर्जिया सिस्सू, कालव्यांच्या आणि रस्त्यांच्या कडेने लावला जाणारा. बोलण्यात दोन्ही नावे पुष्कळदा एकमेकांत मिसळतात. भाषेच्या अभ्यासकाला हा कोशातला प्रश्न वाटेल. जोधपूरच्या छोट्या फर्निचर कारखानदारासाठी मात्र तो व्यवहाराचा ठरला.

जोहान्सबर्ग येथे २०१६ मध्ये भरलेल्या साइटिस कराराच्या परिषदेने डाल्बर्जिया ही जवळजवळ संपूर्ण प्रजाती परिशिष्ट २ मध्ये घातली आणि २ जानेवारी २०१७ पासून तिचा अंमल सुरू झाला. अन्य देशांतील दुर्मीळ जातींची लूट थांबावी, हा हेतू योग्यच होता. कापलेल्या फळीवरून जात ओळखणे कठीण, म्हणून सर्वांना एकच नियम. त्यात लागवडीचा शीशमही सापडला. लाकूड होते, कारागीर होते, मागणीही होती. तुटला तो कागदाचा दुवा. पुरवठ्याची जोखीम म्हटले की आपण भाव आणि वाहतूक एवढेच पाहतो. मालाच्या उगमाचा पुरावा हाही पुरवठ्याचाच भाग आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

त्यामुळे लाकूड कोठून आले याची पावती वखारीपासून तयार मालापर्यंत जपणे, हा पहिला उपाय. हस्तकला निर्यात प्रोत्साहन परिषदेचे ‘वृक्ष’ प्रमाणपत्र याच पुराव्यावर उभे असते. दुसरा उपाय आंब्याच्या लाकडाचा. जुन्या बागांतून ते मिळते आणि या यादीत नाही. पण त्याला कीड लवकर लागते. औषधप्रक्रिया आणि भट्टीतली वाळवण टाळली, तर कारखान्याबाहेर पडताना निर्दोष दिसणारे कपाट परदेशी ग्राहकाच्या घरी भुगा सांडू लागते. एक जोखीम टाळताना दुसरी पत्करली जाते ती अशी.

पनामा येथे २०२२ मध्ये शीशमापुरती सवलत मिळाली: ज्या वस्तूत १० किलोपेक्षा कमी लाकूड, तिला परवाना नको. वजन केवळ लाकडाचे धरायचे असल्याने लोखंडी पायांचे लहान टेबल सुटते, भरीव कपाट अडकते. आराखडा काढणाऱ्या मिस्त्रीने हा हिशेब आधीच मांडावा, असे मला वाटते.

राहिला प्रश्न साठ्याचा. ‘अधिक माल साठवा’ हा सल्ला मोठ्या उद्योगाला शोभतो. लाकूड रोखीने घ्यायचे आणि परदेशातील पैसे माल पोहोचल्यावर यायचे, अशा स्थितीत छोट्याचे भांडवल वखारीतच गोठते. चार-पाच कारखान्यांनी मिळून भट्टी आणि साठा चालवणे त्याला अधिक परवडेल. मात्र प्रत्येकाच्या लाकडाची पावती वेगळी ठेवावी लागेल.