वेळासचे कासव आणि निसर्गपर्यटनाची कसोटी

'निसर्गपर्यटन' ही संज्ञा अलीकडे इतक्या सैलपणे योजिली जाते की, अरण्याच्या काठी उभारलेल्या कोणत्याही विश्रामगृहास ती लावावयास कोणी कचरत नाही. वस्तुतः तिची व्याप्ती मर्यादित आहे. पर्यटनाचे उत्पन्न ज्या जीवसृष्टीच्या अस्तित्वावर अवलंबून आहे, तिच्याच रक्षणास ते उपकारक ठरले पाहिजे आणि तेथील रहिवाशांच्या हाती पडले पाहिजे. ह्या दृष्टीने रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास हे गाव अभ्यसनीय आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांस ते नाना फडणिसांचे मूळ गाव म्हणून परिचित असते. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांस त्याचा परिचय बराच उशिरा झाला.

हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या रात्रीच्या वेळी येथील पुळणीवर येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि समुद्रात परततात. अंड्यांकडे त्या पुन्हा फिरकत नाहीत. कोल्ही, कुत्री आणि माणूस हे त्या अंड्यांचे शत्रू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ह्या कासवास संरक्षण दिले. परंतु ओसाड किनाऱ्यावर मध्यरात्री कायदा पोहोचावा कसा? २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्गमित्र' ह्या संस्थेने येथे काम हाती घेतले. ग्रामस्थांच्या साह्याने अंडी कुंपणाच्या आत, तशाच खड्ड्यांत हलविण्यात येऊ लागली. २००६ पासून पिल्ले समुद्रात सोडण्याचा प्रसंग 'कासव महोत्सव' म्हणून पाहुण्यांस खुला झाला. पाहुण्यांची निवासाची व भोजनाची सोय ग्रामस्थांच्याच घरी होते. अंडे विकून मिळणारे पैसे एकदाच मिळत. पिल्लू पाहावयास येणारा पाहुणा मात्र दर हंगामी येऊ शकतो. हा हिशेब गावास समजावून देण्यास फार पांडित्य लागत नाही.

तथापि खरी अडचण येथूनच सुरू होते. अंडी उबण्यास साधारणतः ४५ ते ६० दिवस लागतात. पिल्ले बाहेर पडण्याचा दिवस नेमका सांगता येत नाही. शहरातून आलेल्या पाहुण्यास मात्र शनिवार-रविवारीच पिल्ले दिसावयास हवी असतात! निसर्गतः पिल्ले बहुधा रात्री वर येतात व क्षितिजावरील उजेडाच्या दिशेने समुद्राकडे धाव घेतात. ह्या धावेसाठी त्यांच्याजवळ असलेली शक्ती मर्यादित असते. प्रेक्षकांच्या सोयीसाठी त्यांस तासन्‌तास रोखून धरल्यास ती व्यर्थ खर्च होते. किनाऱ्यावरील विजेचे दिवे तर त्यांस उलट दिशेस नेतात.

दुसरा प्रश्न तापमानाचा. कासवाचे लिंग अंडे उबताना असलेल्या उष्णतेवर ठरते. सुमारे २९-३० अंश सेल्सिअसच्या वर माद्यांचे प्रमाण वाढते, खाली नरांचे. म्हणून कुंपणातील वाळू सावलीत आहे की उन्हात, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. किती पिल्ले सोडली, एवढ्या एकाच आकड्यावर संतुष्ट राहणाऱ्यांच्या लक्षात ती सहसा येत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्याच किनाऱ्यावर 'प्रथमा' ह्या मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसविण्यात आले. प्रौढ माद्यांच्या संचाराविषयी त्यामुळे माहिती मिळू लागली. जागच्या जागी राखलेली घरटी आणि कुंपणात हलविलेली घरटी ह्यांतील तापमानाची तुलना, तसेच महोत्सवाचे उत्पन्न गावातील किती घरांत व कोणत्या प्रमाणात पोहोचते ह्याची नोंद, ही दोन्ही कामे पदव्युत्तर विद्यार्थ्यांस एका हंगामात हाती घेता येण्याजोगी आहेत.