लॅपटॉप मोडला, आता गल्ल्यावर काय ठेवावे?

दुकानातला लॅपटॉप बंद पडला की व्यापारी पहिली चौकशी करतो ती नव्याच्या किमतीची. आमच्या मते आधी पाहायचे ते हे की आत अडकलेला हिशेब बाहेर कसा काढायचा. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मालाची देणी, गिऱ्हाइकांकडची उधारी, महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरायचे जीएसटीआर-१ (तिमाहीवाल्यांना १३ तारीख) हे सगळे त्याच डबड्यात असते. यंत्र बाजारात पुन्हा मिळेल, उधारीची वही मिळणार नाही.

लॅपटॉप नेमका कुठे मोडला आहे ते पाहावे. पडदा काळा झाला असेल पण पंख्याचा आवाज येत असेल, तर एचडीएमआय केबलने तो घरच्या टीव्हीला जोडून पाहावा. पुष्कळदा सारे काम टीव्हीवर दिसू लागते आणि त्याच दिवशी बॅकअप निघतो. मदरबोर्ड गेला असला तरी डिस्क बहुधा शाबूत असते. ती काढून यूएसबीच्या डबीत बसवली की दुसऱ्या संगणकावर पेनड्राइव्हसारखी उघडते. डबी मात्र डिस्कच्या जातीची हवी. अडीच इंची साटा डिस्कची वेगळी आणि च्युइंगगमच्या पट्टीसारख्या एम-२ डिस्कची वेगळी. उघडताना ४८ आकडी किल्ली मागितली तर घाबरू नये. ते बिटलॉकर नावाचे कुलूप असते आणि त्याची किल्ली बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला त्या खात्यात नोंदलेली असते. खाते ज्याने उघडले तो मुलगा किंवा जुना मुनीम कुठे आहे, ते आजच विचारून ठेवावे.

आणखी एक. लॅपटॉप दुरुस्तीला देण्यापूर्वी डिस्क काढून स्वतःजवळ ठेवावी. तिच्यात आपल्याबरोबर गिऱ्हाइकांचीही अमानत आहे. ‘फॉरमॅट मारून देतो’ हे वाक्य कानावर आले की यंत्र परत उचलावे.

आता बदली यंत्राविषयी. आमच्या शनिवार पेठेत जुन्या वाड्यांच्या तळमजल्यावर अरुंद गाळे आहेत. ज्या फळीवर कापड मोजायचे, तिच्याच कोपऱ्यात बिल बनवायचे. तिथला लॅपटॉप वर्षानुवर्षे जागचा हलत नाही. फळीवर सपाट पडून तो खालच्या जाळीतून हवा ओढतो आणि हवेबरोबर कापडाची तूसही. तुशीने पंखा कोंडतो, यंत्र तापते, बॅटरी फुगते. फिरतीवर ऑर्डरी घेणाऱ्याला लॅपटॉप लागतोच, त्याबद्दल वाद नाही. पण गादीवरून न हलणाऱ्या यंत्रासाठी घडीचा पडदा आणि बॅटरी यांचे पैसे का मोजावेत? शिवाय लॅपटॉपचा कीबोर्ड बिघडला तरी सारे यंत्र दुरुस्तीला जाते आणि दुकान थांबते. सुट्या संगणकाचा कीबोर्ड आपण दहा मिनिटांत बदलतो.

जागेची अडचण म्हणून बरेच बांधव डेस्कटॉपचे नाव काढत नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढे पायाशी ठेवायचा तो मोठा खोका असतो. पण लेनोव्होचा ‘टायनी’, डेलचा ‘मायक्रो’, एचपीचा ‘मिनी’ हे ऑफिसचे संगणक साधारण १८ सेंटिमीटर लांब-रुंद आणि साडेतीन सेंटिमीटर जाड असतात, म्हणजे मिठाईच्या लहान खोक्याएवढे. योग्य पट्टी घेतली तर मॉनिटरच्या पाठीवरही बसतात. फळी मोकळी राहते आणि तूसही कमी जाते. बहुतेकांचे झाकण मागचा एक स्क्रू काढला की सरकते, तेव्हा सहा महिन्यांनी ब्रशने पंखा झाडणे अवघड नाही.

हे नवे घ्यायला गेले तर महाग पडतात. मोठ्या कंपन्या काही वर्षांनी आपले संगणक एकगठ्ठा बदलतात आणि तो माल जुन्या बाजारात येतो. तिथेच आपल्या बजेटची खरेदी आहे. दुकानदार ‘आय-सेव्हन आहे, घ्या’ म्हणेल, त्याने भुलू नये. इंटेलची पिढी विचारावी. २०१३ सालच्या चौथ्या पिढीच्या आय-सेव्हनपेक्षा आठव्या पिढीचा आय-फाइव्ह आपल्या कामाचा. कारण असे की विंडोज-१० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज-११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालते. ज्या यंत्रावरून बँकेचे आणि जीएसटीचे व्यवहार करायचे ते असुरक्षित ठेवणे शहाणपणाचे नाही. आठव्या पिढीचा क्रमांक आठाने सुरू होतो, जसे ८१०० टी किंवा ८५०० टी. शेवटचा ‘टी’ म्हणजे कमी वीज खाणारा, ३५ वॉटच्या मापाचा. फक्त बिले बनवायची असतील तर एन-१०० प्रोसेसरचे नवे छोटे संगणकही पुरतात, मात्र अनोळखी छापाचा माल घेताना वॉरंटी कोण देणार ते आधी ठरवावे.

मेमरी ८ जीबी टॅली आणि ब्राउझरला पुरे. भरतकामाची डिझाइने स्वतः बनवणाऱ्या कारागिरांनी १६ पाहावी. तयार डीएसटी फाइल पेनड्राइव्हवर घालून मशीनला द्यायची एवढेच काम असेल तर ८ पुष्कळ झाली. इथे जुना लॅपटॉप उपयोगी पडतो. या लहान संगणकांत लॅपटॉपच्याच मापाची मेमरी बसते. लॅपटॉपमधील पट्टीवर डीडीआर-४ लिहिलेले असेल तर ती आठव्या पिढीच्या यंत्रात चालण्याजोगी असते. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढले, म्हणून ती भंगारात देऊ नये.

दुकानात उभे राहूनच यंत्र चालवून पाहावे. चालू करताना बायोसचा पासवर्ड मागतो का? मागत असेल तर सौदा सोडावा. अ‍ॅडॅप्टर त्याच कंपनीचा आणि पुरेशा वॉटचा आहे का? पुष्कळ यंत्रांत वायफायचे कार्ड किंवा अँटेना नसते, कॅमेरा तर नसतोच. मागे जुनी व्हीजीए तोंडे नसून डिस्प्ले पोर्ट असेल, तर आपल्या मॉनिटरला कनव्हर्टर लागेल. डिस्कचे आयुष्य दाखवणारा मोफत प्रोग्राम असतो, तो लावून दाखवायला सांगावे. विंडोजचा परवाना खरा आहे की नाही हे सेटिंगमधील ‘अ‍ॅक्टिव्हेशन’मध्ये दिसते. टॅलीचा परवाना जुन्या यंत्रावरून सोडवून नव्यावर बसवावा लागतो. जुने चालतच नसेल तर आपल्या टॅलीवाल्याशी खरेदीआधी बोलून ठेवावे.

लॅपटॉपमधली बॅटरी इथे नाही, तेव्हा यूपीएस हवाच. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की बिल अर्ध्यावर राहते आणि डेटा बिघडतो. मात्र यंत्र आणि लहान मॉनिटर मिळून साध्या कामात चाळीसेक वॉटच घेतात, म्हणून ६०० व्हीएचा लहान यूपीएस नव्या बॅटरीवर अर्धा तास सहज तग धरतो. हा खर्च बजेटमध्ये पहिल्यापासून धरावा, मागाहून नव्हे.

बिलाच्या बाबतीत आमचे बांधव गाफील राहतात. समजा यंत्र १५,००० रुपयांना ठरले आणि दुकानदाराने १८ टक्क्यांप्रमाणे २,७०० रुपये जीएसटी वेगळा दाखवून तुमच्या नंबरावर बिल दिले, तर नेहमीच्या नोंदणीवाल्याला ते २,७०० क्रेडिटमध्ये मिळतात. पण जुना माल विकणारे काही जण फक्त आपल्या नफ्यावर कर भरतात. कायद्यात ती सवलत आहे, त्यात गैर काही नाही. अशा बिलात कर वेगळा दिसत नाही आणि खरेदीदाराला क्रेडिट मिळत नाही. म्हणून १६,००० चे तसले यंत्र १५,००० अधिक करवाल्यापेक्षा वरवर स्वस्त दिसले तरी हिशेबात महाग पडते. कंपोझिशनवाल्यांना क्रेडिट नाहीच, त्यांनी निव्वळ हातातून जाणारी रक्कम पाहावी.

हप्त्याने घेणाऱ्यांसाठी इतकेच की शून्य टक्के व्याजाच्या योजनांत व्याज बहुधा दुसऱ्या नावाने दडलेले असते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावले होते. व्याज टाळू इच्छिणाऱ्याने रोखीचा भाव आणि हप्त्यांची बेरीज, प्रोसेसिंग फीसह, कागदावर शेजारी मांडावी. जुन्या यंत्राची किंमत अशी असते की एक-दोन महिने थांबून रोख देणे बहुतेकांना जमते.

मोडक्या लॅपटॉपची फुगलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नये, पेट घेते. ती ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावी. काढलेली डिस्क धडधाकट असेल तर डबीसकट ठेवावी आणि आठवड्यातून एकदा हिशेबाची नक्कल तिच्यावर काढावी. रात्री दुकान वाढवताना ती गल्ल्यात न ठेवता घरी न्यावी.