बाप्तिस्मा : जुन्याचा मृत्यू, नव्याचा जन्म

'बाप्तिस्मा' हा शब्द कानी पडताच सर्वसामान्य मराठी वाचकाच्या मनात येते ते धर्मांतर. डोक्यावर पाणी पडले, नाव बदलले आणि माणूस एका समाजातून दुसऱ्या समाजात गेला, अशी या विधीविषयीची ढोबळ समजूत आहे. सामाजिकदृष्ट्या ती अगदीच निराधार नाही. मात्र ख्रिस्ती श्रद्धेत या विधीला जो आध्यात्मिक अर्थ आहे, तो या समजुतीच्या बराच पलीकडचा आहे.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'पाण्यात बुडवणे' असा आहे. योहान यार्देन नदीत लोकांना पश्चात्तापाचा बाप्तिस्मा देत असे. येशूनेही त्याच्याच हातून तो स्वीकारला, असे शुभवर्तमाने सांगतात. पुढे संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात या विधीचा गाभा उलगडला. पाण्याखाली जाणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणे व पुरले जाणे आणि पाण्याबाहेर येणे म्हणजे त्याच्या पुनरुत्थानात सहभागी होऊन नव्या जीवनात पाऊल टाकणे, असे त्याचे प्रतिपादन आहे.

तीर्थस्नान आणि बाप्तिस्मा यांतील भेद येथेच स्पष्ट होतो. मळ पुन्हा लागतो, म्हणून स्नान पुन्हा करावे लागते. जन्म मात्र एकदाच होतो. म्हणूनच बाप्तिस्माही आयुष्यात एकदाच दिला जातो. पाणी आणि 'पिता, पुत्र व पवित्र आत्मा' या नावाने केलेला उच्चार हे त्याचे दोन आवश्यक घटक होत. मृत्यू समीप असेल आणि धर्मगुरू उपलब्ध नसेल, तर योग्य हेतू बाळगून कोणतीही व्यक्ती हा विधी करू शकते, असे कॅथलिक चर्च मानते. देणाऱ्याच्या अधिकारापेक्षा मिळणाऱ्या कृपेला येथे अधिक महत्त्व आहे.

प्राचीन चर्चमध्ये दीर्घ पूर्वतयारीनंतर, विशेषतः ईस्टरच्या पूर्वरात्री, बाप्तिस्मा दिला जाई व नवदीक्षितांना शुभ्र वस्त्रे परिधान करविली जात. कॅथलिक विधीत आजही शुभ्र वस्त्र दिले जाते, तैलाभ्यंग होते आणि ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून लहान मेणबत्ती उजळली जाते. मृत्यूवर मिळवलेल्या विजयाचा प्रकाश नव्या जीवाकडे सोपवला जातो, असा त्यामागील भाव आहे.

बाप्तिस्मा केव्हा द्यावा, याबाबत मात्र एकमत नाही. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स व अँग्लिकन परंपरांत तान्ह्या बालकांनाही तो दिला जातो, कारण देवाची कृपा माणसाच्या समजेची वाट पाहत नाही, अशी त्यांची धारणा आहे. याउलट १५२५ मध्ये झुरिच येथील काही सुधारकांनी प्रौढांना बाप्तिस्मा देऊन, श्रद्धेची जाणीवपूर्वक कबुली आधी हवी, असा आग्रह धरला. बॅप्टिस्ट चर्च आजही हीच भूमिका घेते. क्वेकर पंथ तर पाण्याचा विधीच आवश्यक मानत नाही.

विधी आणि अनुभव यांतील हे अंतर मराठी मातीतील दोन जीवनांत प्रकर्षाने दिसते. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. मात्र आपल्याला ख्रिस्ती धर्म गवसला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त नव्हे, याची जाणीव सुमारे आठ वर्षांनी झाली, असे त्यांनीच पुढे नमूद केले आहे. विधी एका दिवसात पार पडला. त्याचा अर्थ अंतःकरणात उतरण्यास काळ लागला.

कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला. त्याची किंमत कुटुंबाने मोजली. लक्ष्मीबाई काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्या ताटातुटीची कहाणी 'स्मृतिचित्रे'तून मराठी वाचकांना परिचित आहे. याच टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंनाही, ख्रिस्ताचे शिष्य म्हणून, त्यात स्थान होते. पाण्याची रेषा समाजासमाजांतील भिंत ठरू नये, ही त्यांची तळमळ होती.

तात्पर्य, बाप्तिस्मा ही ख्रिस्ती जीवनाची पूर्तता नसून आरंभ आहे. नोंदवहीत त्याची तारीख एकच असते. परंतु स्वार्थ, द्वेष व अहंकार यांना रोज मरण देणे आणि क्षमा व सेवा यांत रोज नव्याने उभे राहणे, हे त्या एका दिवसाने दिलेले आयुष्यभराचे काम आहे. ते घडले नाही, तर मागे उरतो तो केवळ नावातील बदल.