मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे दोन विद्यार्थी

के. टी. पॉल यांचा जन्म सेलमचा. 1916 मध्ये ते वायएमसीएचे पहिले भारतीय राष्ट्रीय सरचिटणीस झाले. 1930 च्या गोलमेज परिषदेत ते ख्रिस्ती समाजाचे प्रतिनिधी होते. ख्रिस्त्यांना स्वतंत्र मतदारसंघ मात्र त्यांना नको होते.

दुसरे व्ही. चक्कराई चेट्टियार. पेशाने वकील. 1903 मध्ये बाप्तिस्मा घेतला, आडनाव ठेवले तेच. ख्रिस्ती झालेला तरुण सरकारच्या बाजूचा, असे सर्रास धरले जाण्याचा तो काळ. हे मात्र होमरूल आणि मग असहकार चळवळीत उतरले. 1938 च्या ‘रिथिंकिंग ख्रिश्चॅनिटी इन इंडिया’ या पुस्तकाच्या लेखकांत ते होते. इथल्या श्रद्धेने पाश्चात्त्य चर्चचा साचा का वागवावा, हा त्यातला रोखठोक सवाल. वेळही नेमकी साधली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जगभरचे मिशनरी परिषदेसाठी ताम्बरमला, याच कॉलेजच्या नव्या आवारात जमले होते. (कॉलेज तिथे हलले 1937 मध्ये.)

चक्कराई 1941-42 मध्ये मद्रासचे महापौर झाले आणि 1954 ते 1957 आयटक या कामगार महासंघाचे अध्यक्ष. त्यांच्यानंतर ते पद आले मुंबईच्या एस. एस. मिरजकरांकडे.